महाविलोपन: सुरुवात कशाने झाली आणि जीव कशाने गेले, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लघुग्रह आदळून डायनोसॉर संपले हे लहानपणापासून ऐकलं. आता वाचताना कुठे ज्वालामुखी, कुठे हिमयुग, कुठे समुद्रातला ऑक्सिजन संपला असं सापडतं. मग महाविलोपनाचं, म्हणजे थोड्या काळात जगभरच्या असंख्य जाती नष्ट होण्याचं, खरं कारण कोणतं? काही जीव वाचतात ते कशाच्या जोरावर? आणि सध्या सहावं महाविलोपन सुरू आहे हे कितपत खरं?

मी समुद्री गाळातले सूक्ष्म जीवाश्म अभ्यासते, मुख्यतः फोरॅमिनिफेरा. वाळूच्या कणाएवढे, चुन्याचं कवच बांधणारे हे एकपेशीय जीव. डायनोसॉरची हाडं एखाद्या थरात बोटांवर मोजण्याइतकी सापडतात, तर फोरॅमिनिफेरा मूठभर मातीत हजारोंनी असतात. त्यामुळे कोण कधी गेलं याचा बारीक हिशेब मांडायला त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. माझं उत्तर या कामातून आलेलं आहे, म्हणून त्यात समुद्र जास्त आणि जमीन कमी असेल.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आपत्तीची सुरुवात कशाने झाली हा एक, आणि जीव प्रत्यक्षात कशाने मेले हा दुसरा. सायबेरियात लाव्हा वाहिला म्हणून हजारो किलोमीटर दूरच्या समुद्रतळावरचे ट्रायलोबाइट (खेकड्यासारखे कवच असलेले प्राचीन प्राणी) भाजून मेले नाहीत. मधे एक साखळी आहे: वायू, तापमान, समुद्राची रासायनिक घडण, ऑक्सिजन, अन्न. सुरुवात करणारी गोष्ट दर वेळी वेगळी असू शकते, पण या साखळीतल्या कड्या पुन्हा पुन्हा त्याच दिसतात. म्हणूनच एका लेखात ‘ज्वालामुखीने मारलं’ आणि दुसऱ्यात ‘ऑक्सिजन संपून मेले’ असं वाचलंत तर त्यात विरोध असेलच असं नाही. बहुतेकदा दोघं एकाच गोष्टीची दोन टोकं सांगत असतात.

पाच मोठी महाविलोपनं ही यादी प्रामुख्याने डेव्हिड रॉप आणि जॅक सेपकोस्की यांनी १९८२ मध्ये समुद्री प्राण्यांच्या कुळांची मोजदाद केली तिच्यातून रूढ झाली. पुढची नावं पृथ्वीच्या इतिहासातल्या कालखंडांची आहेत. ऑर्डोविशियनच्या अखेरीस, सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी. डेव्होनियनच्या उत्तरार्धात, ३७.२ कोटी आणि पुन्हा ३५.९ कोटी वर्षांच्या आसपास. पर्मियनच्या शेवटी २५.२ कोटी, ट्रायासिकच्या शेवटी २०.१ कोटी, आणि क्रिटेशसच्या शेवटी ६.६ कोटी वर्षांपूर्वी. प्रत्येकापुढे ‘इतके टक्के जाती नष्ट’ असा आकडा लिहिलेला दिसतो. तो जपून घ्या. खडकात मोजता येतात त्या बहुधा प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचे गट, इंग्रजीत genus) आणि त्याहून मोठे गट, म्हणजे कुळं. जातींचा आकडा त्यावरून अंदाजाने काढलेला असतो. शिवाय ज्यांना कवच किंवा हाडं नव्हती ते जीव या हिशेबात जवळपास नाहीतच.

साखळी कशी चालते हे समजून घ्यायला पर्मियनची अखेर सगळ्यात चांगली, कारण आपल्याला माहीत असलेलं सर्वांत भीषण महाविलोपन तेच. समुद्री जातींपैकी ८० ते ९० टक्क्यांहून अधिक गेल्या असा अंदाज आहे. त्या वेळी सायबेरियात प्रचंड प्रमाणावर लाव्हा बाहेर पडत होता. पण निव्वळ लाव्ह्याने इतका घात झाला नसता. वर येणारा शिलारस तुंगुस्का खोऱ्यातल्या गाळाच्या जाड थरांमध्ये आडवा घुसला, आणि त्या थरांत कोळसा होता, खनिज तेल होतं, मीठ आणि जिप्सम होतं. हे सगळं जमिनीखाली भाजलं गेलं. शिलारसातून स्वतःहून जेवढे वायू सुटले असते, त्यापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन या भाजलेल्या थरांतून वर आला.

हे किती वेगाने झालं? चीनमधल्या मेशान इथे पर्मियन आणि ट्रायासिक यांच्या सीमेचा प्रमाण मानलेला खडकांचा छेद आहे. चुनखडीच्या थरांमध्ये ज्वालामुखीय राखेचे पातळ पट्टे आहेत आणि राखेत झिरकॉन या खनिजाचे स्फटिक. त्यातल्या युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून वय काढता येतं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार मुख्य विलोपन सुमारे ६० हजार वर्षांत उरकलं, आणि मोजणीतली त्रुटी धरली तर त्याहून बऱ्याच कमी काळातही. भूविज्ञानात हा काळ म्हणजे क्षणच.

पुढचं सगळं समुद्रात लिहिलेलं आहे. कोनोडोंट नावाच्या ईलसारख्या छोट्या प्राण्यांचे दातासारखे अवयव त्या खडकांत विपुल मिळतात. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) प्रमाणावरून पाण्याचं तापमान काढता येतं. विषुववृत्ताजवळच्या समुद्राचा पृष्ठभाग विलोपनानंतरच्या काळात ४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला असावा असं त्यातून दिसतं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि त्याच वेळी प्राण्याच्या शरीराला मात्र जास्त ऑक्सिजन लागतो, कारण उष्णतेत चयापचय वाढतो. दोन्ही बाजूंनी कोंडी होते. खोल पाण्यात ऑक्सिजन संपला की गंधक वापरणारे जीवाणू माजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याची खूण खडकात पायराइटच्या (लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या) अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात राहते. आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड समुद्र आम्लधर्मी करत जातो, म्हणजे चुन्याचं कवच बांधणं अवघड होतं.

मेलेल्यांची यादी या साखळीशी जुळते, आणि माझ्या मते सगळ्यात पटणारा पुरावा हाच. जाड चुन्याचा सांगाडा बांधणारे, पण शरीरातल्या द्रवाच्या आम्लतेवर फारसं नियंत्रण नसलेले प्राणी सर्वाधिक गेले. जुन्या प्रकारचे दोन्ही प्रवाळगट समूळ संपले आणि ब्रॅकिओपॉड हे शिंपल्यांसारखे दिसणारे दुपाखी कवचाचे प्राणी कायमचे मागे पडले. कल्ले आणि बरं रक्ताभिसरण असलेल्या शिंपल्या-गोगलगायींचंही नुकसान मोठं झालं, पण त्या मानाने कमी. एखाद्या स्फोटाने किंवा आगीने मारलं असतं तर अशी निवड दिसली नसती. जमिनीवर ग्लॉसॉप्टेरिस या झाडांची जंगलं नाहीशी झाली, आणि त्यानंतरच्या सुमारे एक कोटी वर्षांच्या खडकांत जगात कुठेही कोळशाचे थर सापडत नाहीत, कारण कोळसा बनवण्याइतकी दलदलीतली झाडीच उरली नव्हती.

इथे तुम्ही विचाराल की मग प्रत्येक मोठ्या ज्वालामुखीने असंच व्हायला हवं होतं. तसं झालेलं नाही. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका वेगळे होताना, सुमारे १३.४ कोटी वर्षांपूर्वी, पराना-एटेंडेका हा अवाढव्य लाव्हाप्रदेश तयार झाला, पण त्यासोबत महाविलोपन नोंदलेलं नाही. आघातांचंही तेच. रशियातलं पोपिगाय विवर जवळपास १०० किलोमीटर व्यासाचं, साधारण ३.६ कोटी वर्षांपूर्वीचं. त्या वेळच्या गाळात आघाताच्या खुणा मिळतात, महाविलोपन मिळत नाही. म्हणजे निव्वळ आकारावर ठरत नाही. दोन गोष्टींवर ठरतं: कोणत्या खडकावर किंवा खडकातून हे घडलं, आणि किती वेगाने.

वेगाचं महत्त्व थोडं उलगडून सांगते, कारण बहुतेक लोकप्रिय लेखांत नेमकं हेच सुटतं. हवेत आलेला जादा कार्बन पृथ्वी शोषून घेतेच. समुद्राचं पृष्ठजल आणि खोल पाणी मिसळायला हजारभर वर्षं लागतात. समुद्रतळावरचा चुन्याचा गाळ विरघळून आम्लता कमी करतो, त्याला काही हजार वर्षं लागतात. आणि जमिनीवरचे खडक झिजून कार्बन कायमचा गाडला जातो, त्याला लाखभर वर्षं किंवा जास्त. वायू याहून संथ गतीने सुटत राहिले तर समुद्र ते पचवतो, प्राण्यांना सरकायला आणि जुळवून घ्यायला पिढ्या मिळतात. तेवढाच वायू काही शतकांत किंवा थोड्या हजार वर्षांत आला तर या सगळ्या यंत्रणा मागे पडतात. एकूण किती वायू आला यापेक्षा दर वर्षी किती आला हे मी आधी पाहते.

आता क्रिटेशसची अखेर. १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी इटलीतल्या गुब्बिओ इथल्या सीमेवरच्या पातळ मातीच्या थरात इरिडियम नेहमीच्या सुमारे ३० पट असल्याचं दाखवलं. पृथ्वीच्या कवचात हा धातू अत्यल्प असतो, उल्कापाषाणांत भरपूर. त्या लघुग्रहाचं विवर मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखाली, चिक्शुलुब इथे असल्याचं १९९१ मध्ये मांडलं गेलं. ते सुमारे २०० किलोमीटर व्यासाचं आहे. २०१६ मध्ये तिथे समुद्रातून वेधन केलं तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट कळली. परिसरातल्या खडकांत जिप्समसारखी गंधकयुक्त खनिजं भरपूर असताना विवरातून काढलेल्या गाभ्यात ती जवळपास नव्हती. म्हणजे ती वाफ होऊन हवेत गेली होती. गंधकाचे कण आणि काजळी यांनी सूर्यप्रकाश अडला, तापमान कोसळलं, प्रकाशसंश्लेषण थांबलं. इथे घातक ठरला अंधार आणि थंडी, म्हणजे पर्मियनच्या नेमकं उलट.

माझ्या रोजच्या कामात हे असं दिसतं. सीमेवरची माती पाण्यात, कधी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणात भिजवायची, बारीक चाळणीवर धुवायची, उरलेला कण-कण वाळवून काळ्या तबकात पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. सीमेच्या खालच्या नमुन्यात ग्लोबोट्रंकाना हे तरंगते फोरॅमिनिफेरा असतात: मोठे, चपटे, कडेने दुहेरी कणा असलेले, प्रत्येक कक्षावर नक्षी. काही सेंटिमीटर वरचा नमुना घेतला तर १५० मायक्रॉनच्या चाळणीवर तरंगत्या फोरॅमिनिफेरांपैकी जवळपास काहीच उरत नाही. रिकामीच वाटते. त्याहून बारीक, ६३ किंवा ३८ मायक्रॉनची चाळणी लावली की मग दिसतात गेम्बेलिट्रिया: इवलेसे, साधे, नक्षी नसलेले, आणि ढिगाने. तरंगत्या फोरॅमिनिफेरांच्या ९० टक्क्यांहून अधिक जाती तिथे संपलेल्या असतात. त्याच नमुन्यातल्या समुद्रतळावर राहणाऱ्या जाती मात्र बऱ्याचशा टिकलेल्या दिसतात. वर प्रकाशावर चालणारं अन्न संपलं होतं, तळाशी गाळातल्या सेंद्रिय कणांवर गुजराण चालू होती.

मग दख्खनच्या लाव्ह्याचं काय? यावर आमच्या क्षेत्रात दीर्घकाळ वाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. दख्खनचे उद्रेक आघाताच्या आधी सुरू झाले आणि नंतरही चालू राहिले. मुख्य टप्पा दहा लाख वर्षांच्या आत आटोपला. सीमेच्या सुमारे दोन लाख वर्षं आधी एक जागतिक तापमानवाढ दिसते, ती याच उद्रेकांच्या वायूंशी जोडली जाते. पण ती वाढ आघातापूर्वीच ओसरली होती आणि त्या काळात फोरॅमिनिफेरांच्या जाती सामूहिकपणे मेलेल्या मला माझ्या नमुन्यांत दिसत नाहीत. म्हणून माझं मत असं, की जीव घेतला तो आघाताने. दख्खनने आधीची परिस्थिती बदलली आणि नंतर सावरण्याच्या काळावर परिणाम केला असावा. फक्त जमिनीवरच्या प्राण्यांचा अभ्यास करणारी एखादी सहकारी याहून वेगळा तोल मांडेल, आणि तिच्याकडे त्याची कारणं असतील.

हा वाद इतका लांबण्यामागे नमुन्यांच्या स्वभावाचाही हात आहे. दुर्मीळ प्राण्याचा शेवटचा जीवाश्म त्याच्या खऱ्या अंताच्या बराच खाली सापडतो, कारण अगदी शेवटच्या थरात तो हाती लागण्याची शक्यताच कमी. त्यामुळे एकाच दिवशी मेलेले सगळे खडकात मात्र टप्प्याटप्प्याने गेल्यासारखे दिसतात. फिल सिग्नर आणि जेरी लिप्स यांनी १९८२ मध्ये हे मांडलं. उलटही होतं. गाळात बिळं करणारे प्राणी जुनी कवचं वर आणतात आणि मेलेली जात सीमेनंतरही जिवंत असल्याचा भास होतो. अशा कवचातले कार्बनचे समस्थानिक तपासले की ते खालच्या समुद्राचे आहेत हे कळून येतं. ‘हळूहळू संपले’ किंवा ‘एका झटक्यात संपले’ असं ठाम विधान वाचलंत तर नमुने किती अंतरावर घेतले होते हे आधी बघा.

उरलेल्या तीनांबद्दल थोडक्यात. ऑर्डोविशियनच्या शेवटी गोंडवना या प्राचीन महाखंडाच्या दक्षिणेकडच्या भागावर, आजच्या सहारात ज्याच्या खुणा आहेत, मोठं हिमावरण पसरलं. समुद्राची पातळी उतरली आणि उथळ समुद्र कोरडे पडले. त्या काळी बहुतांश जीवन तिथेच होतं. डेव्होनियनचा घोळ लांबलेला आहे. पहिली जंगलं पसरली, मुळांनी खडक फोडून माती केली, त्यातले क्षार नद्यांतून समुद्रात गेले, शेवाळ माजलं आणि ते कुजताना ऑक्सिजन संपला, अशी एक मांडणी आहे. काळ्या शेलचे (चिखलापासून बनलेल्या खडकाचे) थर तिला आधार देतात, पण तेवढ्याने सगळं उलगडतं असं मला वाटत नाही. ट्रायासिकचा शेवट मात्र पर्मियनच्या जवळचा: अटलांटिक उघडताना वाहिलेला लाव्हा, वाढलेला कार्बन डायऑक्साइड, कोसळलेले प्रवाळ. ग्रीनलँडमधल्या जीवाश्म पानांवर श्वसनछिद्रं कमी झालेली दिसतात. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पानं तसं करतात.

म्हणजे इथवरचा सारांश असा: सुरुवात तीन-चार प्रकारे होते, पण मारणारे हात मोजकेच आहेत. तापमानाचा झटका, ऑक्सिजनची टंचाई, आम्लता, आणि उजेड किंवा अधिवास गेल्याने तुटलेली अन्नसाखळी.

कोण वाचतं, हा तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शांत काळात जे गुण यश देतात ते या काळात उपयोगी पडतीलच असं नाही. डेव्हिड जाब्लॉन्स्की यांनी क्रिटेशसच्या शेवटच्या शिंपल्या-गोगलगायींवर काम करून दाखवलं, की एखाद्या प्रजातीत किती जाती आहेत याने एरवी तिला तगायला मदत होते, महाविलोपनात होत नाही. तिथे ती प्रजाती एकूण किती विस्तृत प्रदेशात पसरलेली आहे हे कामी येतं. अमोनाइटांचं, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणाऱ्या समुद्री प्राण्यांचं, उदाहरण घ्या. पर्मियन आणि ट्रायासिकच्या अखेरीस ते संपता संपता वाचले आणि पुन्हा शेकडो प्रकारांनी फुलले. क्रिटेशसच्या शेवटी मात्र गेले, आणि त्यांचा नातलग नॉटिलस टिकला. अमोनाइटांची पिल्लं अतिशय लहान असत आणि बहुधा वरच्या पाण्यातल्या प्लवकांवर (तरंगत्या सूक्ष्म जीवांवर) वाढत. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्लू जन्मतःच धडधाकट आणि राहणी खोल पाण्यातली. प्लवक नाहीसे झाल्यावर हा फरक निर्णायक ठरला असावा. जमिनीवर आणि गोड्या पाण्यातही हाच धागा आहे: कुजक्या पाल्यापाचोळ्यावर आधारलेल्या अन्नसाखळीतले मासे, कासवं, मगरी यांचं त्या मानाने निभावलं. बीजाणू, कोष किंवा बिया यांच्या रूपात वाईट काळ काढू शकणारे तगले. मोठं शरीर आणि रोजची मोठी भूक असलेले गेले.

आता सहाव्याबद्दल. इथे उत्तर तुम्ही काय मोजता यावर अवलंबून आहे. पाच मोठ्यांशी तुलना करायची तर तीन-चतुर्थांश जाती जायला हव्यात, आणि १५०० सालापासून नामशेष झाल्याची अधिकृत नोंद असलेल्या जाती हजाराच्या आतबाहेर आहेत. त्या अर्थाने आपण तिथे पोचलेलो नाही. पण ही तुलनाच तिरकी आहे. जुने आकडे उथळ समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांचे आहेत. आजच्या नोंदी मुख्यतः पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर, बेटांवरच्या गोगलगायी यांच्या, आणि त्या यादीत येण्याआधी त्या जीवाचं वर्णन तरी झालेलं असावं लागतं. शिवाय संख्या घटणं हे नामशेष होण्याच्या कितीतरी आधी घडतं.

म्हणून मी टक्क्यांऐवजी पुन्हा वेगाकडे जाते. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकदा ५ ते ८ अंशांनी तापली होती आणि खोल समुद्रतळावरच्या फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती तेव्हा गेल्या. त्या वेळी कार्बन सुटण्याचा वेग वर्षाला साधारण ११० कोटी टन किंवा त्याहून कमी होता असा अंदाज आहे. सध्या आपण वर्षाला सुमारे १,००० कोटी टन कार्बन हवेत सोडतो आहोत. हा वेग किती काळ चालतो यावर सगळं ठरेल, आणि तो अजून माणसाच्या हातात आहे. ‘महाविलोपन होऊन गेलंय, आता काय उपयोग’ हे म्हणणं मला चुकीचं वाटतं, आणि घातकही. आज धोक्यात असलेल्या बहुसंख्य जाती अजून जिवंत आहेत.

‘निसर्ग पुन्हा सावरतोच ना?’ असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. सावरतो, पण कोणत्या मोजमापाने हे बघा. चिक्शुलुबच्या विवरात काही वर्षांतच सूक्ष्मजीव परतले होते. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका जागी आघातानंतर सुमारे सात लाख वर्षांनी पन्नासेक किलो वजनाचे सस्तन प्राणी आणि शेंगा धरणाऱ्या वनस्पती दिसू लागतात. पर्मियननंतर मात्र कोळशाचे थर आणि प्रवाळभित्ती दोन्ही परत यायला एक कोटीच्या आसपास वर्षं लागली. आणि त्या भित्ती ज्यांनी बांधल्या ते प्रवाळ जुन्या दोन गटांचे वंशज नव्हते. तो सर्वस्वी नवा गट होता, आणि आजचे प्रवाळ त्याचेच आहेत.